धरणाच्या बेटावरची दोन मंडळं

लग्नानंतर मी नवऱ्याबरोबर धरणाच्या वसाहतीत राहायला गेले आणि पंधरा दिवसांच्या आत उद्यान मंडळाची सभासद झाले. झाले म्हणजे, मला करून घेतलं. नवरा धरणाच्या कार्यालयात आरेखक होता, कालव्यांचे नकाशे काढायचा. एका संध्याकाळी तो चपला काढता काढताच म्हणाला, "अगं, उद्या चारला तुला मॅडमच्या बंगल्यावर जायचंय. उद्यान मंडळाची बैठक आहे."

"मला बागेतलं काय कळतं?"

"कळायचं काय आहे त्यात? साहेबांच्या बाईंनी बोलावलं की जायचं असतं."

खरं तर मला बागेतलं थोडंफार कळत होतं. मी धारूरची. वडिलांचं किराणा दुकान, दुकानामागे परस, परसात शेवगा, कढीलिंब, बेल, कारल्याचा वेल. पण त्याला बाग म्हणतात हे आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. आणि पुढे कळलं की ते बरोबरच होतं. त्याला बाग म्हणत नाहीतच.

वसाहत एका टेकाडावर होती. तीन बाजूंना धरणाचं पाणी आणि चौथ्या बाजूला ओढा. ओढ्यावरचा फरशीपूल भाद्रपदात बुडाला की पाच-सहा दिवस दूध, भाजी, पेपर सगळं होडीतून यायचं. म्हणून सगळे वसाहतीला 'बेट' म्हणत. बेटावर चाळीसेक क्वार्टर, एक विश्रामगृह, एक बंगला. पूर्वी त्या टेकाडाच्या पायथ्याशी गाव होतं. ते पाण्याखाली गेलं होतं. आमच्या खिडकीतून उन्हाळ्यात पाणी आटलं की देवळाच्या जोत्याचे दगड दिसायचे. मंडळाच्या बायका ते बघून म्हणायच्या, "किती रोमँटिक!" ज्यांचं देऊळ बुडलं त्यांना हा शब्द कुणी सांगितला नव्हता.

पहिल्या बैठकीला मी दहा मिनिटं आधीच गेले. व्हरांड्यात सहा वेताच्या खुर्च्या आणि खाली एक सतरंजी. खुर्च्या अभियंत्यांच्या बायकांसाठी, सतरंजी आमच्यासाठी. कुणी सांगितलं नाही, पण सगळ्या आपापल्या जागी अशा बसल्या की जणू जन्मल्यापासून तिथेच बसत होत्या. मीही बसले. मॅडमच्या हातात पुण्याहून मागवलेलं गुलाबांचं रंगीत पुस्तक होतं. त्यातल्या एकेका गुलाबाला परदेशी राण्यांची नावं. मॅडम ती नावं अशी घ्यायच्या की त्या राण्यांशी त्यांचं जाणं-येणं असावं.

"नव्या आहात ना तुम्ही?" त्यांनी मला विचारलं. "एक नियम सांगते. आपल्या वसाहतीत समोरच्या अंगणात भाजीपाला चालत नाही. मेथी-कोथिंबीर लावली की ते शेत होतं. बाग वेगळी."

मी मान हलवली. माझ्या अंगणात आठवड्यापूर्वीच मेथी पेरलेली होती. घरी जाऊन ती कोवळी रोपं मीच माझ्या हातांनी उपटली. नवरा म्हणाला, "बरं केलंस." इतका आज्ञाधारक संसार होता आमचा.

दरवर्षी पौषात उद्यान स्पर्धा व्हायची. पहिलं बक्षीस दरवर्षी मॅडमना. त्यांच्या बागेत तीन मजूर सकाळपासून राबायचे. कार्यालयाच्या हजेरीपटावर ते तिघे कालव्यातला गाळ काढत असायचे. परीक्षक उपअभियंत्यांच्या बाई. त्या हातात वही घेऊन प्रत्येक घरासमोर थांबायच्या, कपाळाला आठ्या घालून काहीतरी लिहायच्या आणि शेवटी बंगल्यात जाऊन चहा प्यायच्या. एकदा मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, प्लास्टिकची झारी. मी ती दोन महिने दिवाणखान्यात शोकेसवर ठेवली होती, हे लपवण्यात अर्थ नाही.

दुसरं मंडळ पुरुषांचं. निसर्ग संवर्धन मंडळ. अध्यक्ष अर्थातच साहेब, म्हणजे धरणाचे कार्यकारी अभियंता, मॅडमचे यजमान. त्यांच्याकडे दुर्बीण होती. हिवाळ्यात पाण्यावर चक्रवाक उतरले की साहेब विश्रामगृहाच्या गच्चीवरून त्यांना बघायचे आणि खाली उतरून सगळ्यांना सांगायचे, की हे पक्षी हिमालयापलीकडून येतात आणि आपण त्यांचे यजमान आहोत. याच यजमानांनी मुख्यालयातून वरिष्ठ आले तेव्हा विश्रामगृहाच्या खानसाम्याकडून दोन पाहुणे रश्श्यात घालून घेतले. खानसाम्याच्या बायकोनं पिसं माझ्याच घरामागच्या खड्ड्यात पुरली, म्हणून मला माहीत. दुसऱ्या दिवशी संवर्धन मंडळाची बैठक होती. विषय, पाणपक्ष्यांचं रक्षण.

या मंडळात मी शिरले ती अक्षरामुळे. माझं अक्षर चांगलं. वडिलांच्या दुकानातल्या पाट्या लिहून लिहून वळण आलं होतं. साहेबांनी कुठेतरी बघितलं आणि मला दोन्ही मंडळांची चिटणीस केलं. रजिस्टर एकच. पुढच्या बाजूनं उद्यान मंडळ, उलटं करून मागच्या बाजूनं निसर्ग. मी अभिमानानं ते रजिस्टर खाकी कागदाचं वेष्टण घालून पदराखाली धरून न्यायची, एखादी पोथी न्यावी तसं.

संवर्धन मंडळाचं मुख्य काम म्हणजे आषाढात झाडं लावणं. ती विश्रामगृहाच्या खालच्या उतारावर लावायची. दरवर्षी त्याच खड्ड्यांत. मागच्या वर्षीची मेलेली काटकी काढायची, तिथे नवं रोप ठेवायचं, साहेबांनी त्याला पाणी घालायचं, फोटो काढायचा. झाडं सुबाभळीची आणि गुलमोहराची. नर्सरीतून टेम्पो भरून यायची. दसऱ्यापर्यंत त्यातली निम्मी संपायची. आणि संपवणारा आरोपी मंडळाला पहिल्यापासून ठाऊक होता. धनगरीण.

ती उताराच्या टोकाला ओढ्याजवळ राहायची. पत्र्याचा आणि कुडाचा एक आडोसा, वीसेक मेंढरं, पाच-सहा शेळ्या. पन्नाशीची असेल. गाव बुडालं तेव्हा बाकीचे पुनर्वसनात गेले. तिचा नवरा आधीच वारलेला, लेक लिंबागणेश गावी दिलेली. मेंढरांना पुनर्वसनात जागा नव्हती, म्हणून ती मागे राहिली. मी तिच्याकडून लेंडीखत आणायची, म्हणजे माझ्या गुलाबांसाठी. मंडळाच्या सगळ्याच बायका तिचंच खत वापरायच्या, आणि बैठकीत नाकाला रुमाल लावून तिच्या मेंढरांच्या वासाबद्दल बोलायच्या.

एका वृक्षारोपणाच्या दिवशी ती कमरेवर हात ठेवून लांबून बघत होती. साहेब फोटोसाठी वाकले होते. ती तिथूनच म्हणाली, "साहेब, सुबाभूळ कावून लावताव? ते तर शेळ्याचं पेढं हाय. सीताफळ लावा की. शेळी हुंगती अन् फुडं जाती."

दोघं-तिघं हसले. साहेब सरळ झाले, चष्मा पुसला आणि आम्हांला म्हणाले, "सीताफळ हा वृक्ष नाही, झुडूप आहे. लोकांना एवढा फरकही कळत नाही."

मी धारूरची. आमचे डोंगर सीताफळीनं भरलेले. डोंगरावर कुणी न लावलेली, कुणी पाणी न घातलेली, शेळ्यांच्या नाकासमोर वाढलेली झाडं मी लहानपणापासून बघत होते. ती बोलली त्यातला शब्द न् शब्द खरा आहे, हे तिथे उभ्या असलेल्या पंचवीस माणसांत फक्त मला ठाऊक होतं. मी काय केलं? रजिस्टरमध्ये लिहिलं, 'मा. अध्यक्षांनी वृक्ष व झुडूप यांतील फरक विशद केला.'

माझ्या लग्नाच्या चौथ्या वर्षी मुख्यालयानं आदर्श पर्यावरण वसाहतीची स्पर्धा जाहीर केली. तेव्हा सगळीकडेच नव्याची हवा होती. वसाहतीतल्या गच्च्यांवर केबलची तार आली होती, साहेबांकडे डिश होती, आणि बैठकीत टेबलावर बाटलीतलं विकतचं पाणी यायला लागलं होतं. एवढ्या मोठ्या धरणाच्या काठावर बसून ही माणसं बाटलीतलं पाणी प्यायची आणि जलसंवर्धनावर बोलायची. बाटल्या रिकाम्या झाल्या की खिडकीतून खाली. खाली धरण होतंच.

स्पर्धेसाठी दोन्ही मंडळांची एकत्र बैठक झाली. मॅडम म्हणाल्या, "विश्रामगृहाच्या गच्चीवरून ते पत्र्याचं खोपट आधी दिसतं. समिती तिथेच चहा घेणार आहे."

साहेब म्हणाले, "चराईबंदी करू. संवर्धनाचा मुद्दाच आहे तो. आणि अतिक्रमणही आहे ते."

कुणी विरुद्ध बोललं नाही. ठराव मी लिहिला. 'वसाहतीच्या हद्दीतील वृक्षसंपदेस पोहोचणारा उपद्रव विचारात घेता' अशी सुरुवात मीच केली. वाक्य कुणी सांगितलं नव्हतं, मला सुचलं होतं. नोटीसही मीच सुवाच्य अक्षरात काढली. मॅडमनी कागद सगळ्यांना दाखवला. "अक्षर बघा! मोत्यासारखं!" मी लाजले. त्या लाजण्याची मला आजही किळस येते.

दोन दिवसांनी सकाळी शिपाई माझ्या दारात आला. हातात ती नोटीस.

"ताई, जरा चला की. ती बया म्हणतीय वाचून दाखवल्याबिगर हलणार न्हाई. मला ह्यातलं निम्मं लागत न्हाई. लई अवघड लिवलंय कुणीतरी."

मला नाही म्हणता आलं असतं. पण मला वाटलं, नाही म्हटलं तर लिहिलं मीच हे उघड होईल. म्हणून मी गेले. ती चुलीपुढे भाकरी थापत बसली होती. मी उभ्यानं वाचलं. 'उपद्रव' आला, 'वृक्षसंपदा' आली, 'आठ दिवसांचे आत' आलं. शेळीचं एक करडू माझ्या पायाशी घोटाळत होतं. वाचून झाल्यावर तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

"म्हंजे काय झालं? सोप्यात सांगा."

"आठ दिवसांत इथून जायचं."

"आस्सं." तिनं चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग म्हणाली, "आता वाचताना कुठं अडला न्हाईत तुमी. ह्यो शिपाई तर दर शब्दाला अडखळत हुता. तुमीच लिवलं जणू."

मी हो म्हणाले.

"शिकल्याल्या हाव," ती म्हणाली आणि दुसरा गोळा हातात घेतला. राग नव्हता की टोमणा नव्हता. पाऊस पडतोय म्हणावं तसं म्हणाली. मी पाठ फिरवून उतार चढायला लागले.

आठव्या दिवशी ती गेली. पत्रे डोक्यावर, मेंढरं पुढे. समिती आली, गच्चीवर चहा झाला, समोर मोकळा हिरवा उतार दिसला. आम्हांला दुसरं बक्षीस मिळालं. प्रशस्तिपत्रात 'चराईबंदीचा धाडसी निर्णय' असे शब्द होते. साहेबांनी ते फ्रेम करून विश्रामगृहात लावलं.

आता एक साधी गोष्ट, जी धनगरणीला माहीत होती, मला अर्धवट माहीत होती आणि मंडळातल्या एकालाही माहीत नव्हती. मेंढरं गेली की गवत वाढतं. त्या पावसाळ्यानंतर उतारावर कुसळी गवत गुडघ्याच्या वर गेलं. दिवाळीत मॅडम म्हणाल्या, "बघा, निसर्गाला मोकळं सोडलं की कसा बहरतो!" माघात ते गवत वाळून सोन्यासारखं पिवळं झालं. साहेबांनी त्याचे फोटो काढले.

फाल्गुनात संवर्धन मंडळानं निसर्ग सहल काढली. सहल म्हणजे घरून निघून दोनशे पावलं उतरायचं आणि उतारावर वांग्याचं भरीत करायचं. पुरुषांनी हौसेनं स्वतः तीन दगडांची चूल मांडली. सगळे अभियंते. नदी अडवणारी माणसं. वारा कुठून येतो हे कुणी पाहिलं नाही. दुपारी जेवणं झाली, चुलीतली लाकडं तशीच सोडून सगळे साहेबांचं भाषण ऐकायला झाडाखाली जमले. विषय पुन्हा पक्षीच होता.

पाण्यावरून वाऱ्याचा झोत आला आणि चुलीतली ठिणगी गवतात गेली. पहिल्यांदा मला नुसता चरचर आवाज ऐकू आला. मग धूर. मग आग इतक्या वेगानं वर चढली की साहेब वाक्य अर्धं टाकून पळाले. बायका किंचाळत वर धावल्या. कुणाला पाणी आठवलं, पण खाली अथांग पाणी आणि हातात प्लास्टिकचे पेले. शेवटी मजुरांनी लिंबाच्या ओल्या फांद्या तोडून झोडपून झोडपून आग विझवली. मॅडमच्या बागेतले तेच तिघे. त्यांतल्या एकाचा हात कोपरापर्यंत भाजला. तोवर उतार काळा झाला होता. पाच वर्षांच्या सुबाभळी, गुलमोहर, खड्ड्यांभोवतीची रंगवलेली कुंपणं, बंगल्यामागचं गुलाबाच्या कलमांचं जाळीचं शेड, सगळं गेलं. हवेत प्लास्टिक जळाल्याचा वास दोन दिवस होता.

तिसऱ्या दिवशी साहेबांच्या बंगल्यावर बैठक झाली. मला त्या दिवशी पहिल्यांदाच बसायला खुर्ची मिळाली.

"मुख्यालयाला अहवाल पाठवायचाय," साहेब म्हणाले. "लिहा. चराईबंदीमुळे दुखावलेल्या इसमांनी सूडबुद्धीने आग लावल्याचा संशय आहे."

मी पेन उघडलं होतं. ते तसंच राहिलं.

"लिहा ना," मॅडम म्हणाल्या.

"चुलीमुळे लागली आग," मी म्हणाले. "आपण सगळे तिथेच होतो."

"कोण म्हणतं चुलीमुळे? चूल विझवली होती," साहेब म्हणाले.

"कुणी विझवली?"

उपअभियंत्यांच्या बाई छताकडे बघू लागल्या. साहेबांनी घसा साफ केला. "ती बाई मागच्या आठवड्यात ओढ्यापलीकडे दिसली होती, असं शिपाई म्हणतो."

शिपाई दारात उभा होता. त्याच्याकडे बघून मी विचारलं, "दिसली होती का?"

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "साहेब म्हणत्यात तर दिसली आसंल."

तेव्हा मला हसू फुटलं. भीतीनं की कशानं, मला अजून कळलेलं नाही. मॅडमचा चेहरा लाल झाला. "तुम्हांला मंडळात राहायचं नाहीये का?"

"नाही," मी म्हणाले. ते इतकं सोपं होतं की मला स्वतःचीच लाज वाटली. चार वर्षं मी ज्या शब्दाला भ्यायले, तो उच्चारायला श्वाससुद्धा लागला नाही. रजिस्टर टेबलावर ठेवून मी घरी आले.

नवरा डोकं धरून बसला. "तू नुसतं लिहून द्यायचं होतंस. तू काही सही करणार नव्हतीस."

"अहो, मागच्या वेळी पण मी सही केली नव्हती. लिहूनच दिलं होतं."

अहवाल दुसऱ्या कुणीतरी वाईट अक्षरात लिहिला. तो वर गेला आणि मुख्यालयात कुठल्याशा फायलीत निपचित पडला. कुणी चौकशी केली नाही, कारण कुणाला काही पडलेलंच नव्हतं. एवढ्यावरच ती बाई वाचली. तिला वाचवायला माझा काही उपयोग झाला असं मी म्हणणार नाही. नवऱ्याची मात्र महिन्याभरात कालव्याच्या शेवटच्या टोकाला बदली झाली. पुढे साहेबही बदलले. मॅडमनी जाताना कुंड्यांचा एक ट्रक भरून नेला. हिरवळ पाणी तोडल्यावर सहा आठवडेही टिकली नाही. नवी भरती बंद झाली होती, क्वार्टर एकेक करून रिकामे पडत गेले. दोन्ही मंडळं कधी संपली ते कुणालाच सांगता येणार नाही, कारण संपल्याचा ठराव लिहायला कुणी उरलं नव्हतं.

बदलीनंतरच्या हिवाळ्यात मी लिंबागणेशाला देवदर्शनाला म्हणून गेले. खरं तर धनगरणीला शोधायला गेले होते. लेकीचं घर सापडलं. ती घरामागच्या मेंढरांच्या वाड्यात एका करडाच्या खुरात रुतलेला काटा बघत बसली होती. मला तिनं लगेच ओळखलं. मी वाटेत ठरवून आणलेलं सगळं बोलले, की माझं चुकलं, मी लिहायला नको होतं, आग लागली तेव्हा तुमच्यावर आळ घालत होते, मी नाही म्हणाले. शेवटचं जरा जास्तच ठासून म्हणाले. शाबासकी हवी होती मला, अजूनही.

तिनं ऐकून घेतलं. "तुमच्या कागदानं काय व्हतंय बाई," ती म्हणाली. "गाव बुडालं तवा बी कागूदच आलता. त्यो तर छापील व्हता. कुणी बी लिवला आस्ता." मग तिनं करडू माझ्याकडे ढकललं. "हे धरा घट्ट. हलाया देऊ नका. काटा लई आत गेलाय."

मी खाली मातीत बसले आणि करडू दोन्ही हातांनी आवळून धरलं. ते धडपडत होतं, बें-बें करत होतं. ती दाभणानं खूर कोरत राहिली आणि मध्येच माझ्यावर खेकसली, "आवं घट्ट म्हनलं ना!"